दुकानातील जुना संगणक आणि लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सोय लागते. ती नसलेले अनेक चालू संगणक त्यामुळे अडले आहेत. व्यापारी बंधूंनो, नवा संगणक घेण्यापूर्वी लिनक्सचा विचार करा.

लिनक्सचा गाभा हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिला. त्यावर आधारलेले उबुंटू, मिंट विनामूल्य मिळतात. पत्रे व कोटेशनसाठी लिब्रेऑफिस आहे, मराठीही चालते.

मात्र विनामूल्य म्हणजे बिनखर्ची नव्हे. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले; २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय झाला. यंत्रणा बदलली की माणसांची सवय व इतर सॉफ्टवेअरचा मेळही सांभाळावा लागतो. टॅली विंडोजसाठीच बनलेले आहे, हे ध्यानात ठेवा.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. यात जुनी यंत्रणा पुसली जात नाही. बिलाचा प्रिंटर, इंटरनेट व जीएसटीचे काम तपासा. सारे जमले, तरच बदल करा. हिशेब टॅलीवर असेल, तर तो संगणक तूर्त तसाच राहू द्या.