प्रात्यक्षिक : दाखविण्यासाठी की विचारण्यासाठी?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विज्ञानाच्या अध्यापनावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होणार आहेत, आणि प्राथमिक शाळेत भाषेबरोबर विज्ञानही बहुधा एकाच शिक्षकाला शिकवावे लागते. 'प्रात्यक्षिक दाखवले की मुलांना विज्ञान समजते' हे विधान मला अर्धेच खरे वाटते.

सर्वांच्या परिचयाचा एक प्रयोग घेऊ. ताटलीत पाणी घालून मधोमध पेटती मेणबत्ती उभी करावी व तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवावा. ज्योत विझते, पेल्यात पाणी चढते. 'हवेचा एकपंचमांश भाग असलेला प्राणवायू जळून गेला, म्हणून तेवढे पाणी वर आले', असे सांगितले जाते आणि मुले ते वहीत उतरवून घेतात.

हाच प्रयोग मी तीन मेणबत्त्या ठेवून केला. पेला तोच होता, म्हणजे आतला प्राणवायू काही वाढला नव्हता; तरी पाणी अधिक चढले. शिवाय ते बरेचसे चढले, ते ज्योती विझल्यानंतर! पेला ठेवताना काठाखालून बुडबुडेही निघाले. कारण उघड आहे. उष्णतेने हवा प्रसरण पावते व तिचा काही भाग बाहेर जातो. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. प्राणवायू तर सगळा संपतही नाही; काही शिल्लक असतानाच ज्योत विझते.

म्हणजे प्रात्यक्षिक झाले, मुलांनी ते डोळ्यांनी पाहिले, तरी चुकीचेच शिकली. कारण उत्तर आधीच ठरलेले होते. म्हणून प्रयोगापूर्वी 'काय होईल?' असे विचारून मुलांचे अंदाज फळ्यावर लिहावेत. नंतर 'पाणी केव्हा चढले?' हे विचारावे आणि एक गोष्ट बदलून प्रयोग पुन्हा करावा.

हे खेड्यातल्या शाळेतही जमते. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुले स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढीत. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. पण साध्या साहित्यावर विज्ञान शिकवता येते, हे त्याने तीस वर्षे दाखवून दिले.

डोळ्यांना दिसते त्यापेक्षा छापलेले खरे मानायची सवय मुलाला लागली, तर ती पुढे केवळ विज्ञानाच्या तासापुरती राहत नाही. भावी शिक्षकमित्रांनी याचा अवश्य विचार करावा.