हिमगौरी भिंतीवर चढवताना

अगं, फाटकापासून जिन्यापर्यंतची भिंत अगदी ओकीबोकी दिसते, तिथं तुझ्याकडच्यासारखा पांढरा गुलाब चढवायचाय, असं परवा फोनवर म्हणालीस. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. फोनवर हे सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. कागद जपून ठेव, आणि पहिली दोन वर्षं तरी कात्री हातात घ्यायच्या आधी एकदा वाचून बघ.

रोपवाटिकेत नुसतं ‘पांढरा वेलगुलाब द्या’ म्हणू नकोस. ‘क्लाइंबिंग आइसबर्ग’ असं नाव घेऊन माग. हा गुलाब जर्मनीच्या राइमर कोर्डेस यांनी 1958 मध्ये काढला. तिकडे त्याचं नाव ‘श्नेविटशेन’, म्हणजे आपल्या गोष्टीतली हिमगौरी. मूळचा तो झुडपी. त्याची एक फांदी आपोआप वेलीसारखी लांब धावायला लागली आणि तिच्यावरून 1968 मध्ये इंग्लंडमधल्या कोल्चेस्टरच्या कँट्स या रोपवाटिकेनं वेलीची जात बाजारात आणली. ही माहिती मी उगाच सांगत नाहीये. तुझी वेल मूळची झुडूप आहे, एवढं लक्षात ठेव; पुढे त्याचाच संबंध येणार आहे. हिला काटे फार कमी, म्हणून फाटकाजवळ लहान मुलं खेळणाऱ्या घरी हीच बरी.

भिंत पूर्वेची आहे हे फार छान झालं. सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळालं की हिला आणखी काही नको. पश्चिमेची भिंत असती तर मी नकोच म्हणाले असते. एप्रिल-मेमध्ये नाशिकला अशी भिंत रात्री आठपर्यंत तव्यासारखी तापलेली असते आणि पानं कडेनं करपतात.

खड्डा भिंतीला चिकटून घेऊ नकोस. दीड फूट सोड. पायाजवळच्या मातीत चुना-सिमेंट मुरलेलं असतं, आणि वरून पन्हळीचं पाणी पडत असेल तर मुळं कुजतात. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असा खड्डा घे. तुमच्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, म्हणून निम्मी लाल माती, बाकीत चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड घाल. शेणखत हातात घेऊन वास घे. शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. त्यातून हुमणी येते आणि मुळं खाते. गणपती उठले, पावसाचा जोर ओसरला, की लावून टाक. डोळा भरलेला जोड मातीच्या वर दोन बोटं राहू दे.

हा जोड नीट ओळखायला शीक. त्याच्या खालून, जंगली खुंटातून जो फुटवा येतो तो तुझा नाही. तो कात्रीनं कापलास तर पुन्हा दुप्पट येईल. माती बाजूला सारून मुळाशी धरून ओढून काढ. आपल्याकडे सांगतात, पाच पानं असतील तर गुलाब, सात असतील तर जंगली. त्यावर विसंबू नकोस. आइसबर्गच्या जोरदार फांदीवर सात पानं सर्रास दिसतात. मी एका वर्षी असाच एक जोरदार धुमारा सात पानं मोजून उपटला, आणि हातात आल्यावर बघते तर तो जोडाच्या वरून फुटलेला. ती जागा पुढे वर्षभर रिकामी राहिली. फुटवा कुठून निघाला आहे ते बघ, पानं मोजू नकोस.

आता मुख्य गोष्ट. ही वेल वाकवायची असते, कापायची नसते.

माझी वेल दुसऱ्या वर्षात होती. दसऱ्यानंतर माळीबुवा आले आणि बागेतल्या सगळ्या गुलाबांबरोबर तिचीही दीड फुटावर छाटणी करून गेले. मी शेजारीच उभी होते, मला वाटलं गुलाब म्हटला की ऑक्टोबर छाटणी आलीच. पुढची दोन वर्षं ती भिंतीला टेकून झुडपासारखी गुमान उभी होती. एक लांब काडी म्हणून फुटली नाही. मूळची झुडूप ना ती. लहानपणी फार कापली तर मूळ वळणावर जाते. म्हणून पहिली दोन वर्षं फक्त वाळकं आणि मोडकं काढ, बाकी कात्री पेटीत.

काडी सरळ वर जाऊ दिलीस तर शेंड्याशी चार फुलं येतात, तीसुद्धा शेजाऱ्यांच्या गच्चीतून दिसतील अशी, आणि खाली नुसत्या उघड्या काड्या. शेंड्यातून ऑक्सिन नावाचं द्रव्य खाली उतरत असतं, ते खालच्या डोळ्यांना निजवून ठेवतं. काडी आडवी केली की त्याचा हा धाक कमी होतो आणि पेरापेरावरचे डोळे जागे होतात. प्रत्येक डोळ्यातून वीतभर फांदी, आणि प्रत्येक फांदीवर फुलांचा घोस.

पण वाकवायलाही वेळ बघावी लागते. तळातून येणारा नवा धुमारा लालसर आणि रसरशीत असतो. तो इतका कोवळा असतो की नुसता हात लागला तर बुडातून काडकन निघून येतो. त्याला शिवू नकोस, फार तर वाऱ्यानं मोडू नये म्हणून सैलसर आधार दे. दीड-दोन महिन्यांनी लाली जाऊन तो हिरवा आणि वेतासारखा चिवट होतो. मग दुपारचा वेळ धर. सकाळी काडी पाण्यानं भरलेली असते, तेव्हा मोडते. एक हात बुडाशी ठेवून दुसऱ्यानं हळूहळू खाली आण. पहिल्या दिवशी थोडी, आठ दिवसांनी आणखी थोडी. पंख्याच्या काड्या पसरतात तशा दोन्ही बाजूंना पसरव. पूर्ण आडवी नाही झाली तरी चालेल, तिरपी झाली तरी फुटवे येतात.

भिंतीवर दीड-दीड फुटावर जाड तार ताण, पण तार आणि भिंत यांत चार बोटं अंतर ठेव, वारा खेळला पाहिजे. काडी तारेच्या मागून घालू नकोस. मागून गुंफलेली काडी पाच वर्षांनी काढायची वेळ आली की तारही जाते आणि भिंतीचा रंगही. पुढून बांध, सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फेरा देऊन. तारेनं किंवा नायलॉनच्या दोरीनं बांधलेली काडी जाड झाली की तिथं आवळली जाते.

तिसऱ्या वर्षापासून दसरा-दिवाळीच्या मध्ये छाटणी. मुख्य काड्या तशाच ठेवायच्या. त्यांच्यावरच्या बारीक फांद्या दोन-तीन डोळ्यांवर कापायच्या. सगळ्यांत जुनी, सालीला भेगा पडलेली एक काडी बुडातून काढायची आणि तिच्या जागी नवा धुमारा आडवा करायचा. कापलेल्या जाड जागी बोर्डो पेस्ट लाव, नाहीतर काडी वरून काळी पडत खाली वाळत येते. तुझी आजी या दिवसांत आळं खणून मुळं आठ दिवस उन्हाला उघडी टाकायची. मी ते सोडून दिलं. बारीक मुळं तुटतात आणि वेल महिनाभर तशीच बसून राहते. छाटल्यावर 45 ते 50 दिवसांत फूल येतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी माझ्याकडे पूजेला याच फुलांचे घोस असतात. थंडीत दवानं पाकळ्यांवर गुलाबी ठिपके आले तर घाबरू नकोस, आइसबर्गला ते येतातच.

खताचं फार मनावर घेऊ नकोस. छाटणीनंतर आणि फेब्रुवारीत एकेक घमेलं शेणखत पुरे. चहाचा चोथा घालणार असशील तर आधी धुऊन घे, साखरेला मुंग्या लागतात. पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या तर ती लोहाची उणीव. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवार. उन्हाळ्यात दिवसाआड एक मोठी बादली पाणी बुडाशी दे आणि आळ्यात पाचट पसर. पानांवर पाणी उडवायचं नाही.

पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके येणार. खाली पडलेलं प्रत्येक पान वेचून कचऱ्यात टाक, कंपोस्टमध्ये नको. जमिनीलगतची फूटभर पानं आधीच काढून टाक. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या, कळी उमलता उमलता अडली, तर एक फूल पांढऱ्या कागदावर झटक. सुतासारखे बारीक फुलकिडे पळताना दिसतील. निळे चिकट सापळे लाव आणि लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल, दोन थेंब साबण घालून, ऊन उतरल्यावर फवार.

बांधायला माझ्या जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. तुझे बाबा रविवारी तिकडे येतायत, त्यांच्याबरोबर पाठवते. पहिला धुमारा हातभर झाला की मला फोटो पाठव. तो कुठून निघालाय ते मी बघून सांगेन, तोवर त्याला बांधू नकोस.