उष्णता बनवायची की उचलून आणायची?

डिसेंबरात सकाळी सहा वाजता आपल्या वसतिगृहात बाथरूमबाहेर बादल्यांची जी रांग लागते, तिचं वर्णन तुम्हाला करायला नको. २०० मुले आणि ३ किलोवॉटचे १२ गीझर. पहिल्या पन्नासेक जणांना कढत पाणी, पुढच्यांना कोमट आणि रात्रभर सबमिशन करून उशिरा उठलेल्यांना 'हर हर गंगे'! मग काही जण खोलीत चोरून रॉड लावतात. गेल्या हिवाळ्यात माझ्या रूम पार्टनरने पाणी किती तापलं ते बघायला रॉड चालू असतानाच बादलीत हात घातला. नशीब, नुसत्या झटक्यावर निभावलं. दोन दिवस बिचाऱ्याला पेन नीट धरता येत नव्हतं.

त्यानंतर रेक्टर सरांनी मला बोलावलं. "तू मेकॅनिकलचा ना? मग गरम पाण्याचं काय करायचं ते हिशोब करून दे."

मी एका रात्रीत टिपण तयार केलं: 'विजेच्या गीझरची कार्यक्षमता जवळजवळ १०० टक्के असते. सबब आणखी १२ गीझर घ्यावेत.' टिपण थर्मोडायनॅमिक्सच्या सरांना दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "तुमच्या घरी बंब आहे का रे?" मी म्हटलं, आहे, गावाला आजीकडे. "मग बंब जास्त इंधन खातो की तुझा गीझर, तेवढं काढून आण."

बंबाची परीक्षा

संक्रांतीला गावी गेलो तेव्हा वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन आजीच्या तांब्याच्या बंबासमोर बसलो. "इंजिनिअर व्हायला पाठवला आणि लाकडं मोजत बसलास होय?" आजी म्हणाली. ३० लिटर पाणी १८ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला सव्वा किलो लाकूड लागलं. पाण्यात गेलेली उष्णता ३० × ४.१८६ × ३७, म्हणजे सुमारे ४६४६ किलोज्यूल, विजेच्या भाषेत १.३ युनिट. एक किलो सुक्या लाकडात साधारण ४ युनिट उष्णता असते, म्हणजे आम्ही जाळली ५ युनिट. कार्यक्षमता २६ टक्के! बाकीची उष्णता धुराड्यातून वर गेली आणि धूर आजीच्या डोळ्यांत.

आता गीझर. त्याचे १०० टक्के सुरू होतात ते सॉकेटपासून. आपल्याकडची बरीचशी वीज अजूनही कोळशाची. कोळशातल्या १०० भाग उष्णतेपैकी साधारण ३५ भागांची वीज होते आणि वाटेतली गळती धरली तर आपल्यापर्यंत सुमारे ३० भाग पोचतात. म्हणजे बंब २६ आणि गीझर ३०. माझा शंभर टक्केवाला गीझर आजीच्या बंबाच्या शेजारीच येऊन बसला की!

चूक कुठे झाली? मी फक्त पहिला नियम लावला होता. ऊर्जा नाहीशी होत नाही, हे खरं. पण दुसरा नियम सांगतो की ऊर्जेला प्रत असते. वीज ही उंची ऊर्जा. तिने यंत्र फिरतं, दिवा लागतो. तिच्यापासून थेट कोमट पाणी करणं म्हणजे पैठणी फाडून पोछा करण्यासारखं आहे.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रीज

मेसमधल्या फ्रीजला मागून हात लावून बघा, गरम लागेल. फ्रीज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीट पंप तेच काम बाहेरच्या हवेवर करतो. कमी दाबाचा द्रव शीतक इव्हॅपोरेटरमध्ये हवेतली उष्णता घेऊन उकळतो. कॉम्प्रेसर त्या वाफेचा दाब वाढवतो, तसं तिचं तापमानही वाढतं. कंडेन्सरमध्ये ती वाफ आपली उष्णता पाण्याला देऊन पुन्हा द्रव होते. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरला की चक्र परत सुरू. वीज उष्णता बनवायला लागत नाही, ती लागते फक्त हमालीला. १ युनिट विजेत ३ युनिट उष्णता पाण्यात गेली, तर सीओपी ३. जादू नाही, उरलेली २ युनिट हवेतून आली.

कार्नोच्या सूत्राने २० अंशांच्या हवेतून ५० अंशांच्या पाण्याला जास्तीत जास्त सीओपी ३२३ भागिले ३०, म्हणजे १०.८ निघतो. प्रत्यक्षात घर्षण आणि तापमानातल्या फरकामुळे ३ ते ४ पदरात पडतो. हवा १० अंशांवर आली की तोच आदर्श आकडा ८.१ होतो. ओरलला विचारतात, लक्षात ठेवा!

ही कल्पना केल्व्हिनने १८५२ सालीच मांडली होती. झुरिकच्या टाउन हॉलमध्ये १९३८ पासून शेजारच्या लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेऊन इमारत उबदार ठेवली गेली. नॉर्वेत पूर्वी विजेचे हीटर आणि लाकडाच्या शेगड्या होत्या. आता तिथल्या निम्म्याहून अधिक घरांत हीट पंप आहे. उणे १० अंशांची हवासुद्धा २६३ केल्व्हिन असते, म्हणजे तिच्यातही उचलण्याजोगी उष्णता असतेच. मात्र चांगला गॅस बॉयलर इंधनातली ९० टक्क्यांच्या आसपास उष्णता घराला देतो. कोळशाच्या विजेवर सीओपी ३ धरला तर ३० गुणिले ३, तेवढेच ९० येतात. म्हणून जिथे वीज पाण्यापासून होते, त्या नॉर्वेसारख्या देशात हीट पंपाची बाजी निर्विवाद. आपल्याला त्याची तुलना गॅस बॉयलरशी नाही, गीझरशी करायची आहे.

आपला हिशोब

दरडोई २० लिटर धरून रोज ४००० लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायचं तर सुमारे १४० युनिट उष्णता हवी. गीझरला १४० युनिट वीज, हीट पंपाला ४७. रोज ९३ युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर हिवाळ्याच्या १२० दिवसांत सुमारे १ लाख ११ हजार रुपये.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा मंजूर भाराचा. २४ गीझर एकदम लागले तर ७२ किलोवॉट. मुख्य फ्यूज पहिल्याच दिवशी राम म्हणेल. हीट पंप मोठ्या टाकीसह असल्याने १० तासांत सावकाश काम करतो, तेव्हा त्याला ५ किलोवॉट पुरतात. तेही दुपारी, जेव्हा हवा गरम आणि सीओपी चांगला.

दोषही सांगतो. सुरुवातीचा खर्च गीझरपेक्षा पुष्कळ जास्त. आपलं बोअरचं पाणी जड, त्यामुळे क्षार काढत राहावे लागतील. टाकीला चांगलं इन्सुलेशन हवं, नाहीतर सकाळपर्यंत कमाई हवेत. आणि आर-१३४ए सारखा शीतक गळला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ करतो, म्हणून प्रोपेनवर चालणारे पंपही बघायला हवेत.

पहिलं टिपण मी मागे घेतलं आणि नवं दिलं आहे. रेक्टर सरांनी दरपत्रकं मागवली आहेत; निर्णय व्हायचा आहे. तोपर्यंत एक विनंती. रॉड बंद केल्याशिवाय आणि प्लग काढल्याशिवाय बादलीत हात घालू नका. खरं तर रॉड लावूच नका. पाणी कमी पडलं तर माझ्या खोलीवर या, भांडू. पण येताना आपापल्या मजल्याच्या मीटरचं रीडिंग घेऊन या. मला आकडे हवे आहेत.