वृक्कविकारातील पायांची रात्रीची तळमळ : निदान आणि व्यवहारातील सावधगिरी

दीर्घकालीन वृक्कविकाराचा रुग्ण वैद्याकडे येतो तेव्हा सूज, अरुची, कंडू या तक्रारी तो आपणहून सांगतो. पायांची तक्रार मात्र बहुधा सांगत नाही, कारण तिला नेमके काय म्हणावे हे त्याला सुचत नाही. ‘दुखत नाही, पण पाय ठेवावेत कुठे ते कळत नाही’, ‘पोटरीच्या आत काहीतरी वळवळते’, ‘रात्री उठून अंगणात फेऱ्या मारल्या की बरे वाटते’ अशी त्याची भाषा असते. आधुनिक वैद्यकात या विकारास रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. इंग्लंडमधील थॉमस विलिस यांनी सतराव्या शतकातच त्याचे वर्णन केले होते. स्वीडनचे कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्यास आजचे नाव दिले. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र धरल्या, तर डायलिसिसवरील साधारण चार रुग्णांत एकाला हा विकार आढळतो. तो वेळीच ओळखला नाही, तर झोप जाते. शिवाय चार तास खाटेवर स्थिर राहणे अशक्य झाल्याने रुग्ण डायलिसिस अर्धवट सोडून उठतो आणि शरीरातील मलसंचय वाढतच राहतो.

निदानास प्रयोगशाळा लागत नाही, चार प्रश्न पुरेसे होतात. पाय हलविण्याची अनावर इच्छा होते काय? बसल्यावर वा आडवे झाल्यावर ती वाढते काय? चालल्याने वा पाय ताणल्याने तेवढ्यापुरती थांबते काय? संध्याकाळनंतर अधिक होते काय? चारही उत्तरे होकारार्थी आली, तरी दुसरे कारण नाही ना, हे पाहावे. पायात गोळे येणे ही निराळी गोष्ट आहे. त्यात स्नायू हाताला कठीण लागतो व तीव्र वेदना असते. मधुमेहजन्य नाडीविकारात बधिरता व दाह असतो आणि चालल्याने आराम पडत नाही. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर उलट चालल्यानेच दुखते.

ग्रंथांत या नावाचा स्वतंत्र व्याधी नाही आणि तो ओढूनताणून दाखविण्याचे प्रयोजनही नाही. चरकोक्त ८० नानात्मज वातविकारांत पिंडिकोद्वेष्टन आहे, अस्वप्न आणि अनवस्थितचित्तत्वही आहे. खल्ली मात्र गोळे येण्याच्या अधिक जवळची आहे, आणि सुश्रुतोक्त पादहर्षात मुंग्या येणे प्रधान आहे. संप्राप्तीच्या दृष्टीने चरकाने सांगितलेली वातकोपाची दोन्ही कारणे, धातुक्षय व मार्गावरोध, येथे एकत्र येतात. वृक्करुग्णात रक्तक्षय असतो आणि मलांचे निर्हरण होत नाही. हा अन्वय प्रस्तुत लेखकाचा आहे. आधुनिक संशोधनही मेंदूतील लोहाची कमतरता व डोपामिनच्या कार्यातील बिघाड यांकडेच बोट दाखवते.

म्हणून पहिली तपासणी फेरिटिन व ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनची करून घ्यावी. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूत्रांत, अंतिम अवस्थेतील वृक्करुग्णाचे फेरिटिन २०० पेक्षा व सॅच्युरेशन २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर शिरेवाटे लोह देण्याचा विचार करावा, असे म्हटले आहे. वृक्कविकारात हेप्सिडिन वाढलेले असल्याने पोटातून दिलेल्या लोहाचे शोषण मंदावते. तेव्हा केवळ नवायस लोह वा पुनर्नवा मंडूरावर विसंबून महिने घालवणे योग्य नव्हे. आपल्या भागात आणखी एक पथ्य पाळावे. शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांच्या सातपुड्याकडील आदिवासी वस्त्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. तेथील प्रत्येक पांडू लोहाच्या अभावाचाच असतो असे नाही. तपासणीवाचून लोहकल्प देऊ नयेत.

आता खानदेशातील सर्वांत मोठा धोका. पाय वळवळतात म्हटले की घरचे व शेजारचे म्हणतात, ‘केळी खा.’ रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी घरचीच. परंतु मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. वृक्क निकामी झालेल्या रुग्णात रक्तातील पोटॅशियम वाढल्यास हृदयाची गती बिघडून आकस्मिक मृत्यू येऊ शकतो. मुतखड्यासाठी घेतला जाणारा केळीच्या खांबाचा रस, यवक्षार, कलमी सोऱ्यापासून केलेली श्वेतपर्पटी आणि पोटॅशियम क्लोराइड असलेले ‘कमी सोडियमचे’ मीठ हे सारे याच सदरात येते. ‘मूत्रल’ या एका शब्दावर विश्वासून ही द्रव्ये दिली जातात, हे थांबले पाहिजे. पारदयुक्त रसकल्प आणि ईश्वरी हीही येथे वर्ज्य. ईश्वरीच्या कुळातील वनस्पतींतील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने वृक्क कायमचे निकामी झाल्याची उदाहरणे बेल्जियममध्ये १९९३ साली प्रसिद्ध झाली आहेत. काढा द्यायचाच झाला, तर तो रोजच्या मोजलेल्या पाण्यात धरावा. पाय दुखतात समजून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके देऊ नयेत.

निरुपद्रवी उपायांत पादाभ्यंग श्रेष्ठ. झोपण्यापूर्वी कोमट तिळतेलाने तळपाय व पोटऱ्यांचे हलक्या हाताने मर्दन करावे, नंतर सौम्य स्वेदन. बधिरता असल्यास पाण्याची उष्णता दुसऱ्याने हाताने पाहावी, अन्यथा भाजते. फिस्टुला असलेल्या हाताला मर्दन, स्वेदन वा बंधन करू नये. सायंकाळचा चहा व तंबाखू बंद करावी. हलका व्यायाम नियमित ठेवावा. डायलिसिस चालू असताना पाय चालविण्याच्या व्यायामाने लक्षणे कमी झाल्याचे अभ्यास आहेत. वृक्करोपण यशस्वी झालेल्या पुष्कळ रुग्णांत हा त्रास नाहीसा होतो.

गॅबापेंटिन हे औषध वृक्कतज्ज्ञ या विकारात देतात, परंतु ते वृक्कावाटेच बाहेर पडत असल्याने मात्रा अतिशय अल्प असते. ती वाढल्यास गुंगी, भ्रम व पडझड होते. सर्पगंधा, जटामांसी आदी निद्राकर द्रव्ये त्यासोबत देऊ नयेत.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक सूचना. कंडूसाठी दिले जाणारे हायड्रॉक्सिझिन, सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन आणि मळमळीवरील मेटोक्लोप्रामाइड यांनी ही तळमळ वाढते. कित्येक नैराश्यनाशक औषधांचेही तसेच. डायलिसिसची फाइल हाती घेऊन आलेला रुग्ण सर्दीची गोळी मागू लागला, तर ‘रात्री पाय स्वस्थ राहतात ना?’ एवढे विचारावे आणि उत्तर नकारार्थी आल्यास गोळी देण्याआधी त्याच्या वृक्कतज्ज्ञाशी बोलून घ्यावे.