ब्राउझरची लाल सूचना : अर्थ आणि उपाय

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी माझ्या गावी, बुरहानपूरला गेलो होतो. एके संध्याकाळी भाचीचा फोन आला. शनवाऱ्याजवळच्या एका दुकानात ती शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला गेली होती. अर्जाची ती शेवटची रात्र होती. बारा वाजता मुदत संपत होती.

"मामा, पडद्यावर लाल पाटी आलीय. कनेक्शन सुरक्षित नाही म्हणते. काय करू?"

मी चहा पीत होतो. फारसा विचार न करता म्हणालो, "खाली बारीक अक्षरांत पुढे जाण्याचा पर्याय असेल, तो दाब." मागून दुकानदाराचा आवाज आला, "देखो, सर भी वही बोल रहे हैं!" मुलीने तो पर्याय दाबला आणि आपला पासवर्ड, बँकेचा खातेक्रमांक असे सगळे त्या पानावर भरून टाकले.

मी महाविद्यालयात संगणक शिकवतो. वर्गात मी ज्या गोष्टीबद्दल विद्यार्थ्यांना बोल लावतो, तीच गोष्ट मी घरच्या मुलीला करायला सांगितली. हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते आहे.

ही लाल सूचना म्हणजे काय? पुष्कळांची समजूत अशी की, ती आली म्हणजे ते संकेतस्थळ लबाड आहे, त्यात विषाणू आहे. उलट काहींची समजूत अशी की, ती संगणकाची एक खोड आहे, पुढे जावे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. ब्राउझर एवढेच म्हणत असतो : 'समोरचा जो कोणी आहे, तो स्वतःला अमुक म्हणवतो, पण त्याची ओळख मला पटली नाही.' ओळख का पटली नाही, हे शोधणे आपले काम. आणि ते शोधेपर्यंत त्याच्या हाती काही द्यायचे नाही.

आमच्या गावाच्या जुन्या व्यापारातला एक दाखला येथे उपयोगी पडेल. बुरहानपूर हे सुरतेहून आग्र्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे शहर. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या तॅव्हर्निये याने सुरतेवर केलेल्या हुंड्यांचे गावोगावचे दर दिले आहेत, त्यांत बुरहानपूरही आहे. हुंड्यांमध्ये 'शहाजोग हुंडी' नावाचा एक प्रकार असे. ती कोणाही आणणाऱ्याला चुकती होत नसे. बाजारात ज्याची पत आहे अशा 'शहा'लाच तिचे पैसे मिळत. अनोळखी माणूस ती घेऊन आला तर पेढीवाला विचारी, तुम्हाला येथे कोण ओळखतो? ओळखीच्या पेढीने त्याची हमी घेतली, की व्यवहार पुरा होई. पेढीवाला आणखी दोन गोष्टी पाही : हुंडीवरचे नाव आणि, हुंडी मुदती असेल तर, तिची मुदत.

ब्राउझर नेमके हेच तीन प्रश्न विचारतो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपले प्रमाणपत्र पुढे करते. त्यावर संकेतस्थळाचे नाव असते, 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते, आणि एखाद्या प्रमाणन संस्थेची अंकीय स्वाक्षरी असते. त्या संस्थेची हमी तिच्या वरची संस्था घेते. अशी ही साखळी एका मूळ प्रमाणपत्रापाशी येऊन थांबते. अशी शंभराहून अधिक मूळ प्रमाणपत्रे आपल्या संगणकात किंवा ब्राउझरमध्ये आधीच ठेवलेली असतात. साखळीचे वरचे टोक त्यांपैकी एकाला जुळले, नाव जुळले आणि तारीख मुदतीत बसली, की पान मुकाट्याने उघडते. तिन्हींपैकी एक जरी चुकले तरी लाल पाटी येते.

आता दुकानाकडे परत येऊ. अर्ध्या तासाने भाचीचा पुन्हा फोन आला. अर्जासाठी तिच्या ईमेलवर एक आकडा आला होता, पण ईमेल उघडेना. तेथेही तीच लाल पाटी, आणि या वेळी पुढे जाण्याचा पर्यायच नव्हता! तेव्हा मी चप्पल घातली.

पुढे जाण्याचा पर्याय कोठे असतो आणि कोठे नसतो, यात एक खुबी आहे. काही संकेतस्थळांनी ब्राउझरला आधीच बजावून ठेवलेले असते की, आमच्याशी बोलायचे ते सुरक्षित मार्गानेच. ओळख पटली नाही तर दार उघडू नका, मालकाने सांगितले तरी उघडू नका. मोठ्या ईमेल सेवा असे करतात. म्हणून अर्जाच्या पानावर जी पळवाट मिळाली, ती ईमेलवर मिळाली नाही. त्या पळवाटेच्या अभावानेच मला जाग आणली, हे कबूल केले पाहिजे.

दुकानात जाऊन मी पहिल्यांदा दोन-चार वेगवेगळी संकेतस्थळे उघडून पाहिली. सगळीकडे लाल. येथे निदानाचे अर्धे काम झाले. एकच संकेतस्थळ कुरकुरत असेल तर दोष बहुधा त्याचा. सगळे जगच अनोळखी वाटू लागले तर दोष आपल्या घरात शोधावा. मग शेजारच्या मोबाइलवर, मोबाइलच्या स्वतःच्या इंटरनेटवरून, तेच पान उघडले. ते निमूट उघडले. म्हणजे दोष त्या संगणकात किंवा दुकानाच्या जोडणीत होता. मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पाहिले. तारीख होती १ जानेवारी २०१५.

दुपारी वीज गेली होती. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालू ठेवणारा एक बटणासारखा सेल आत असतो. बहुतेक टेबलावरच्या संगणकांत तो सीआर २०३२ या नावाचा, तीन व्होल्टचा असतो. तो संपला होता. वीज आली तेव्हा संगणकाने कारखान्यातली तारीख धरली. आजची सगळी प्रमाणपत्रे त्याच्या दृष्टीने अजून जन्मालाच यायची होती! नवे ब्राउझर अशा वेळी पुष्कळदा स्वतःच सांगतात की, तुमचे घड्याळ मागे आहे. त्या दुकानातला ब्राउझर जुना होता, त्याने नुसती लाल पाटी दाखवली. क्रोममध्ये या प्रकाराची खूण म्हणजे सूचनेखालच्या सांकेतिक ओळीतले 'सर्ट डेट इनव्हॅलिड' हे शब्द.

उपाय सोपा. तारीख, वर्ष आणि वेळ नीट करावी, भारतीय प्रमाणवेळ निवडलेली आहे ना ते पाहावे, आणि वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू करावी. फरक फार मोठा असेल तर ती सोय कधी कधी हार मानते. तेव्हा आधी तारीख स्वतः घालावी. मग ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा. सेल बदलला नाही तर पुढच्या वेळी वीज गेल्यावर हेच पुराण पुन्हा सुरू होणार.

कोणी म्हणेल, मग पुढे जाण्यात धोका काहीच नव्हता की! त्या दिवशी नव्हता. पण ते मला चहा पिताना ठाऊक नव्हते. आणि मागे पडलेले घड्याळ आणखी एक घात करते : ज्याची मुदत कधीच संपली आहे असे जुने, चोरीला गेलेले प्रमाणपत्र त्याला ताजे वाटू शकते.

घड्याळ बरोबर केल्यावर ईमेल उघडले, पण अर्जाचे पान पुन्हा लाल झाले. आता मात्र सांकेतिक ओळ बदलली होती : 'सर्ट कॉमन नेम इनव्हॅलिड'. म्हणजे मुदत ठीक, नावात फरक. प्रमाणपत्र उघडून 'कोणाला दिले' या रकान्यात पाहिले, तर ते आरंभी तीन डब्ल्यू नसलेल्या पत्त्यासाठी दिलेले होते. माहितीपत्रकावर छापलेला पत्ता तीन डब्ल्यू असलेला होता. माणसाला ही दोन नावे एकच वाटतात, ब्राउझरला नाही. ती तीन अक्षरे काढताच पान सरळ उघडले. नाव न जुळण्याचे कारण नेहमीच असे निरुपद्रवी नसते. पत्त्यात एखादे अक्षर चुकून आपण भलत्याच दारात उभे असतो. तेव्हा पत्ता अक्षर अक्षर वाचावा.

तिसरा प्रकार, 'सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड', म्हणजे हमीदार अनोळखी. यात सर्वांत जास्त गुंता आहे, आणि सर्वांत जास्त धोकाही. कधी संकेतस्थळ चालवणाऱ्याने साखळीतली मधली कडी बसवायची राहिलेली असते. मग तेच पान एका संगणकावर उघडते आणि दुसऱ्या मोबाइलवर उघडत नाही. याला आपल्याकडे औषध नाही, त्या कार्यालयाला कळवावे. कधी आपले यंत्रच फार जुने असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा जगभरच्या कित्येक जुन्या संगणकांवर आणि मोबाइलांवर चांगली चांगली संकेतस्थळे उघडेनाशी झाली. दोष संकेतस्थळांचा नव्हता. त्या यंत्रांच्या यादीत नव्या हमीदाराचे नावच पोचले नव्हते.

स्टेशनवरच्या किंवा लॉजमधल्या फुकट वाय-फायवरही असे होते. तेथे आधी आपले नाव-नंबर द्यायचे पान यायचे असते. ते येण्यापूर्वी ती जोडणी आपल्याला अडवते, आणि ब्राउझरला वाटते कोणीतरी मध्ये घुसले. त्याचे म्हणणे खोटे नाही! महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतली गाळणी किंवा विषाणुरोधक प्रणाली हीसुद्धा अशीच मध्ये बसते. प्रमाणपत्रातल्या 'कोणी दिले' या रकान्यात अशा प्रणालीचे नाव दिसले तर प्रयोगशाळेच्या प्रमुखांना विचारावे. अगदीच अनोळखी नाव दिसले तर जोडणी तोडावी. कोणी सांगितले म्हणून एखादे मूळ प्रमाणपत्र आपल्या यंत्रात बसवून घेऊ नये. ते बसवणे म्हणजे एका परक्याला सर्वांचा हमीदार नेमणे होय.

मध्ये कोणी घुसणे ही केवळ पुस्तकातली भीती नाही. २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणन संस्थेत चोर शिरले आणि त्यांनी पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढली. त्यांतले गूगलच्या नावाचे प्रमाणपत्र वापरून इराणमधील लोकांचा ईमेल वाचण्याचा उद्योग चालला. हमीदारच फुटल्यामुळे ब्राउझरांना ते प्रमाणपत्र खरे वाटत होते. पण क्रोममध्ये गूगलच्या स्वतःच्या नावांसाठी एक जादा पडताळणी होती. तिने इराणमधील एका माणसाला सूचना दाखवली. तो पुढे गेला नाही. ही सूचना कशाची, असे त्याने जाहीरपणे विचारले, आणि त्या एका प्रश्नातून सारे प्रकरण बाहेर आले. महिन्याभरात डिजिनोटारचे दिवाळे निघाले.

आपल्याकडेही असे घडले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये आपल्या देशात प्रमाणन संस्थांवर एक नियंत्रक असतो. नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरची प्रमाणन संस्था त्याच्या अखत्यारीत होती. जुलै २०१४ मध्ये तिच्याकडून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलच्या ध्यानात आले. प्रमाणपत्रे देण्याच्या तिच्या व्यवस्थेतच कोणी शिरले होते, असे पुढे सांगण्यात आले. भारतीय नियंत्रकाची मूळ प्रमाणपत्रे मायक्रोसॉफ्टच्या यादीत होती, म्हणून विंडोजवर ही खोटी प्रमाणपत्रे चालली असती. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र असल्याने त्याला बाधा नव्हती. नियंत्रकाने ३ जुलैलाच सेंटरची ती प्रमाणपत्रे रद्द केली. हमीदारांची यादी कोणी ठेवायची, हा प्रश्न किती मोलाचा आहे हे यावरून दिसते.

एक खुलासा येथेच केला पाहिजे. सूचना न येणे म्हणजे समोरचा माणूस सज्जन असणे नव्हे. प्रमाणपत्र नावाची खात्री देते, नियतीची नाही. लेट्स एनक्रिप्ट या संस्थेने २०१५ पासून फुकट प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली, ही लहान संकेतस्थळांसाठी मोठीच सोय झाली. पण प्रमाणपत्र ठगालाही मिळते. पत्त्याजवळचे ते कुलूप लोकांना भलताच दिलासा देते, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकले. बँकांच्या बाबतीत मात्र आता नावच थोडी मदत करते : रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या शेपटाखाली आणण्यास सांगितले होते.

मुदत संपल्याच्या सूचना पुढील काळात वाढतील असे मला वाटते. प्रमाणपत्राची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी करून मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणण्याचे २०२५ मध्ये ठरले आहे. नूतनीकरण यंत्राकडे न सोपवता कारकुनाच्या आठवणीवर ठेवणाऱ्या कार्यालयांची त्यात त्रेधा उडेल. कानडी विभागातल्या मित्रांसाठी एक गोष्ट सांगतो : ब्राउझरची भाषा मराठीप्रमाणे कानडीही करता येते. सूचना आपल्या भाषेत आली की ती वाचली जाते, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

भाचीचा अर्ज त्या रात्री अकराच्या सुमारास गेला. घरी आल्यावर मी तिला पासवर्ड बदलायला लावला. "पण मामा, 'पुढे जा' तर तुम्हीच म्हणाला होतात," ती म्हणाली. त्यावर मला उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने सेल बदलला. आता लाल पाटी आली की तो आधी कोपऱ्यातली तारीख पाहतो म्हणे. तीन डब्ल्यूच्या पत्त्याबद्दल मी त्या कार्यालयाला पत्र पाठवले. त्याचे उत्तर अजून आलेले नाही आणि त्या पत्त्यावरची लाल पाटी आजही तशीच येते.