आधी उतार, मग ढग

पोरी, तुझ्या वर्गातल्या भिंतीवर जलचक्राचा तक्ता असेलच. एका कोपऱ्यात समुद्र, वर ढग, पलीकडे डोंगर आणि नदी पुन्हा त्याच समुद्रात. पहिल्या दिवशी तो काढूच नको. कोपरगावच्या पोरांनी ना समुद्र पाहिलाय, ना उशाशी डोंगर. पाऊस वर्षाला वीस इंचांच्या आसपास, तोही लहरी. तरी शिवारात ऊस उभा असतो. मग एवढं पाणी येतं कुठून, इथून सुरुवात कर.

पोरं म्हणतील, नळातून. म्हणू दे. नळात कुठून? येसगावच्या साठवण तलावातून. तलावात? पाटातून. पाटात? निफाडजवळच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून. तिथं कादवा गोदावरीला मिळते, वरून दारणा आणि गंगापूर धरणांचं पाणी येतं. असं मागं मागं नेत त्यांना गोदावरीच्या उगमाशी, ब्रह्मगिरीवर पोचव. इगतपुरीला शंभर इंचांच्या पुढं पाऊस पडतो, आपण त्याच्यावर जगतो. अंगणात खडूनं लांब नदी काढ, एकेका पोराला एकेक ठिकाण दे आणि पाण्याचा तांब्या हातोहात खाली येऊ दे. मधल्या पोरानं घोटभर पिऊन घेतलं की खालचं ओरडतंच. ओरडू दे. जायकवाडीच्या पाण्यावरून तुटीच्या वर्षी नगर-नाशिक आणि मराठवाड्यात काय चालतं, ते त्यांना तेवढ्यात कळतं.

एक गंमत जरूर सांग. आपला पाऊस आणणारं बाष्प मुख्यतः अरबी समुद्रावरून येतं, पण गोदावरी 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे तक्त्यातलं ते गोल वर्तुळ आपल्या दारात तरी तसं फिरत नाही. सह्याद्रीच्या कण्यावर पडलेला थेंब अलीकडच्या उताराला लागला की पूर्वेला निघाला. उतार कळला की पाणलोट कळला, ढगाचं नंतर बघू.

उतार दाखवायला मृगाच्या आधी शाळेमागच्या ओढ्यावर ने, कोरडा असताना. पाणी कुठून आलं असेल, हे वाळलेल्या काडीकचऱ्याच्या रेघा बघून त्यांनाच सांगू दे. काळ्या रानातल्या भेगांत काठी घालून खोली मोजू दे. पहिला पाऊस त्या भेगा पितात. जमीन फुगली, भेगा मिटल्या, की पाणी वरून वाहायला लागतं. पावसानंतर त्याच जागी पुन्हा नेलंस तर तासभर बोलायची गरज पडणार नाही.

बाष्पीभवनासाठी चहाच्या किटलीची वाफ सगळेच दाखवतात. तू खारवट रान दाखव. पाटाकाठच्या सखल, निचरा नसलेल्या तुकड्यात जमिनीवर पांढरा थर येतो. बोटावर घेऊन बघायला सांग: पाणी उडून गेलं, क्षार मागं राहिले. पाट आल्यावर शंभर वर्षांत या भागातली किती चांगली रानं अशी गेली, हेही सांग. पाणी जास्त झालं तरी नुकसान होतं, हे तिथं दिसतं. उसाच्या हिरव्या पाल्याला उन्हात पारदर्शक पिशवी बांधून ठेव, दुपारपर्यंत आत थेंब जमतात. थेंब बघितल्यावर ऊस किती पाणी पितो, हा प्रश्न पोरंच विचारतील. उत्तर देताना कचरू नको, निम्म्या पोरांच्या घरी ऊसच आहे.

आकडे हातानं करायला लाव. सरळ कडांच्या डब्यात पाऊस धरून पट्टीनं मोजला की झालं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर. शाळेचा स्लॅब साठ चौरस मीटर असेल, तर दहा मिलिमीटरला सहाशे लिटर. पेपरातले क्युसेकही असेच फोडून दे: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर, आपले दोन हंडे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाऊस नाशिककडं कोसळला आणि गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आपल्याकडं आला. तेव्हाचे विसर्गाचे आकडे काढून हंड्यात मोजायला सांग, डोळे पांढरे होतील.

जिल्ह्यातलंच हिवरेबाजार सांगायला विसरू नको. तिथं पडलेल्या पावसावरून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मग पिकं ठरतात. तुझ्या वर्गानं शाळेपुरता मांडावा. गावचा मांडायला गेलीस तर मोठी माणसं भांडतील, ते एवढ्यात नको.

आणि पाटावर सहल नेशील तेव्हा आवर्तन बंद असताना ने. सुटलेल्या पाटाचा काठ निसरडा असतो, पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पाण्याची पातळी मोजायला विहिरीत दोर सोडायचा तर तूच सोड, पोरं चार हात लांब. दोराच्या गाठी मोजायचं काम त्यांना दे. पोळ्याला एकदा, अक्षय्यतृतीयेला एकदा मोज, आणि नोंदींची वही पुढच्या वर्गाच्या बाईंकडं सोपव.