पार्टीत ‘एमडी’ असते, मुलाशी कसं बोलू?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. मित्रांच्या पार्टीत काही जण ‘एमडी’ घेतात, असं तो बोलता बोलता सांगून गेला. तेव्हापासून झोप उडाली आहे. विषय कसा काढू? – एक आई, पुणे

उत्तर : ताई, त्याने हे तुमच्याजवळ बोलून दाखवलं, ही फार मोलाची गोष्ट आहे. आता उलटतपासणी नको. जेवणानंतर फेरी मारताना विचारा, ‘ते पाहून तुला काय वाटलं रे?’ आणि मग ऐका.

माहिती मात्र खरी द्या. ‘एकदा घेतलं की माणूस संपलाच’ असं सांगाल आणि घेणारा मित्र दुसऱ्या दिवशी वर्गात हसताना दिसेल. मग तुमचं खरंही त्याला खोटं वाटेल. एमडी म्हणजे मेफेड्रोन. नशा लवकर उतरते, म्हणून त्याच रात्री पुन्हा पुन्हा घ्यावंसं वाटतं. खरा फास तिथे आहे. छातीत धडधडतं, अंग तापतं, भास होतात. दारूसोबत धोका आणखी वाढतो. पुडीत काय मिसळलंय, हे घेणाऱ्याला कळत नाही. २०१५पासून एमडी एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. नुसती जवळ बाळगणं हाही गुन्हा.

त्याला एक वचन जरूर द्या : कुणी बेशुद्ध पडलं, झटके आले, तर आधी रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन कर, मग मला. त्या रात्री मी रागावणार नाही.

तो स्वतः घेतोय अशी शंका आली, तर १४४४६ या टोल-फ्री राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोला आणि मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा.